बिडाच्या बाईचं कपाळ

गल्लीत आमच्या घराला तव्यांचं घर म्हणतात. एक शेजारी दर दिवाळीला विचारायचा, "काय वहिनी, भिंतीवर भाकरी भाजता का?" माझी बायको त्याच्या हातात फराळाची ताटली देत म्हणायची, "तुमच्या डोक्यापेक्षा बरं भाऊजी, भरीव तरी आहे."

ते तवे नव्हेत. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाट्या आहेत. साहेब लोकांच्या जुन्या बंगल्यांत बैठकीच्या भिंतीतच आगटी असायची. जाळाने मागच्या विटा फुटू नयेत म्हणून तिच्या पाठीला अशी जाडजूड पाटी उभी करत आणि तिच्यावर काहीतरी चित्र ओतलेलं असे. त्यांना खरं नाव काय ते मला आजही माहीत नाही. देवळाली कॅम्पाकडचे बंगले पडायला लागले तेव्हा मी भंगाराचा टेम्पो चालवायचो. भंगारवाला पाट्या घणाने फोडायचा, कारण तुकडे भट्टीत टाकायला सोपे. एक पाटी मी त्याच्याकडून मागून घेतली. का, ते सांगता येत नाही. फोडवेना.

दारात आलो तर बायको आडवी. "शनिवारी लोखंड घरात येत नाही."

"लोखंड नाय, बीड आहे."

"बिडाचा बाप कोण?"

पाटी टेम्पोतच राहिली. रविवारी सकाळी आत आली. तिच्यावर एक बाई बसलेली, मांडीवर कणसांची पेंढी. बायकोने पदराने धूळ पुसली आणि म्हणाली, "अहो, ही अन्नपूर्णा."

"गोऱ्यांची बाई आहे ती. झगा बघ तिचा."

"झग्यात असली म्हणून काय झालं? मांडीवर धान्य आहे ना?"

विषय संपला. परसात अंघोळीच्या पाण्याची चूल होती, तिच्या मागे ती पाटी उभी राहिली. रोज चूल पेटवण्याआधी बायको तेलात कुंकू कालवायची आणि करंगळीशेजारच्या बोटाने त्या बाईच्या कपाळाला लावायची. जाळाने ते तिथेच भाजायचं, दुसऱ्या दिवशी वर नवं. असं करत करत कपाळावर लाखेसारखा जाड थर झाला.

मग मला नादच लागला. सिंहाची पाटी आणली, जहाजाची आणली, फुलांच्या कुंडीची आणली. त्या बायकोने बैठकीत लावल्या. कुठली कुठे हे तीच ठरवायची, मी फक्त खिळे ठोकायचे आणि बोलणी खायची. पांढऱ्या भिंतीवर काळं उठून दिसतं म्हणून दर दसऱ्याला मला चुना मारायला लावायची. सिंहाच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची. आलेला माणूस हसायचा आणि मग बघत बसायचा.

ती गेली त्याला वर्ष होत आलंय. गेली तेव्हापासून मी परसातली चूल पेटवली नाही. कपाळावर शेवटचं कुंकू लावलं त्यात तिच्या बोटाची खळी राहिली होती, पुन्हा जाळ लागला तर ती जाईल म्हणून. घरात तिचा फोटो आहे, पण त्यात फोटोवाल्याने तिला हसायला लावलंय. ती तशी हसायची नाही. मला ती खळी पुरे होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

वर्षश्राद्धाच्या आधी एका भावकीतल्याच्या दहाव्याला सटाण्याला गेलो होतो. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत आलो तर बैठकीत नुसते खिळे. परसात गेलो. चुलीमागे विटा उघड्या.

सून स्वयंपाकघरात होती. पोरगा विंचूरला कामावर. मी ओरडलोच, "पाट्या कुठंयत?"

ती ओढणीला हात पुसत हसत बाहेर आली. "तुम्ही आजच आलात होय? अहो बाबा, अंबडच्या कारखान्यात दिल्यात. वाळूच्या फवाऱ्याने साफ करतात तिथे. अगदी नव्यासारख्या होतील. आईंच्या फोटोशेजारी लावायच्या, मागे दिवा सोडून. वर्षश्राद्धाला पाहुणे येतील ना..."

"परसातलीपण?"

"ती तर सगळ्यात घाण झाली होती."

माझ्या तोंडून काय गेलं ते इथे लिहीत नाही. तिने फोन लावला, तिथे कुणी उचलेना. मी चप्पल घातली. ती गाडीची किल्ली घेऊन मागे धावली. "बसा मागे. रिक्षा शोधत बसाल."

नाशिकरोडहून निघालो ते द्वारकेच्या चौकात अडकलो. पुढे ट्रक, बाजूला बस, सगळे हॉर्न वाजवतायत. सून पुन्हा पुन्हा फोन लावत होती. मी तिच्या पाठीमागे बसून खांद्यावरून फोनकडे बघत होतो. एकदा म्हणाली, "बाबा, काय होतं त्या पाटीवर?" मी म्हणालो, "गाडी चालव."

अंबडला शेडबाहेर आमचा सिंह भिंतीला टेकवून ठेवलेला. राखेच्या रंगाचा, कोरा करकरीत. जहाज तसंच, कुंडी तशीच. बाई दिसेना. आत लोखंडी खोली, दार बंद, कॉम्प्रेसरचा आवाज असा की स्वतःचं ओरडणं ऐकू येईना. दाराला काच होती. आतला माणूस डोक्यावर टोप घालून पाठमोरा, हातात नळी. त्याच्यापुढे काय आहे ते दिसत नव्हतं. मी दार बडवलं. तो वळेना. पुन्हा बडवलं. मग मी कॉम्प्रेसरकडे गेलो आणि जे बटण दिसलं ते दाबलं.

एकदम शांतता झाली. दार उघडून तो टोप काढत बाहेर आला. "ओ बाबा! कुणी बंद केलं? मशीन काय तुमच्या घरचं आहे?"

"पाटी माझ्या घरची आहे."

त्याला बाजूला सारून आत गेलो. झगा साफ झाला होता, पेंढी साफ झाली होती, हनुवटी, एक गाल. कपाळ अर्धं गेलं होतं. डावीकडे राखाडी बीड, उजवीकडे लाल-काळा थर. खळीची एक कड उरली होती. मी खाली वाळूतच बसलो.

सून दारात उभी होती. तिने कपाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आईंचं कुंकू?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ती त्या माणसाला म्हणाली, "राहू द्या दादा. आहे तशीच बांधून द्या."

घरी पाटी मी परसात पुन्हा चुलीमागे ठेवली. रात्री सुनेने ताट वाढलं आणि निघून गेली. पोरगा एकदा माझ्याकडे, एकदा आतल्या दाराकडे बघत जेवला.

पण बीड असं उघडं राहत नाही, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या सकाळी बघतो तर गालावर गंजाची तांबडी पूड. कपाळावर पण. बोटाने पुसली, पुन्हा आली. तेल लावल्याशिवाय ती थांबणार नव्हती आणि गंज त्या कडेच्या खाली शिरला असता तर उरलेला थरही सुटला असता. मी वाटीत तेल घेतलं. माझा हात थरथरतो, हल्ली चहासुद्धा सांडतो. कडेजवळ बोट नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा मागे. माझ्याच हाताने ती कड उडाली असती.

शेवटी हाक मारली. "पोरी, इकडं ये."

ती आली. रडून डोळे सुजलेले होते. वाटी बघून तिला काय ते कळलं. आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"आई कुठल्या बोटाने लावायच्या?"

मी बोट दाखवलं. तिने तेलात कुंकू कालवलं, चुलीपुढे उकिडवी बसली. मी दोन्ही हातांनी पाटी धरून ठेवली, हलू नये म्हणून.

"कुठपर्यंत लावू, बाबा?"

"जुन्याला शिवू नको," मी म्हणालो. "तिथपर्यंत ये आणि थांब."