न थिजलेलं तेल

तो तेलाचा मामला काही केल्या माझ्या मनातून जात नाही. मी अधिकारी नव्हते. चौथी शिकलेली बाई. महामार्गालगतच्या पोलीस ठाण्यात वीस वर्षं झाडझूड केली, चहा दिला. आता घरीच असते. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी नावं लिहीत नाही.

नागझिऱ्याकडच्या एका गावातली मुलगी मोबाईलवर व्हिडिओ टाकायची. धानाची रोवणी, चूल, भाजी, असंच काही. सुरुवातीला म्हणायची, "कावो बाई, जेवलीस का?" माझी लेक रायपूरला दिलेली. दिवसभरात मला एवढंच कुणी विचारायचं. वर्षभर तिनं काही विकलं नाही. मग एक दिवस टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल केसांना लावून दाखवलं. गावोगावच्या बायांनी मागवलं. मीही दोन बाटल्या घेतल्या.

त्या थंडीत एक बाई डोकं बांधून ठाण्यात आली. टाळूवर फोड आले होते. फिर्याद नोंदली, बाटली जप्त झाली, मुलीला चौकशीला बोलावलं. मी चहा घेऊन आत गेले तर समोर तीच! मोबाईलमध्ये दिसायची त्याहून बारीक.

"तेल शुद्ध आहे साहेब, आमच्या घाण्यावरचं," ती सांगत होती.

साहेब कोकणातले, त्यांना टोरी माहीत नाही. "तपासणीचा अहवाल येईपर्यंत हिला काय विचारायचं?" ते हवालदाराला म्हणाले.

टेबलावरच्या बाटलीत तेल पाण्यासारखं हलत होतं. माझ्या घरीही तसंच हलायचं. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे इथल्या लहान पोरीलाही कळतं. मलाही कळत होतं. पण ती खोटं बोलणार नाही, असं मानून मी ते रोज डोक्याला लावत होते. आता बोलले तर ती मोबाईलवर पुन्हा कधी दिसणार नव्हती. दाराशी बसलेल्या फिर्यादी बाईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"साहेब, हे टोरीचं नाही जी. थिजून नाही राहिलं."

"मावशी, तुम्हाला आवाजही आहे का!" साहेब हसले. "आणा बरं, खरं कसं असतं ते."

शेजारणीकडून वाटी आणली. तेल घट्ट बसलेलं. वाटी पाहताच मुलगी रडायला लागली.

"मले मालूम होतं साहेब. तेल नागपूरच्या व्यापाऱ्याचं. तो म्हणे, तेलाचं जास्ती नको सांगू. रोज बायांशी बोलतेस तशीच बोल, बस."

"तू स्वतः लावत होतीस?"

"नाही जी. आम्ही घरचंच लावतो."

जबाब झाला. त्यावरून व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला, तो सापडला. साहेब म्हणाले, "अडाणी बाया, कशालाही भुलतात."

मी चहाचे कप उचलले. तेलाची पारख आम्हाला साहेबांपेक्षा जास्त होती. बाटली दुकानात दिसली असती तर हातात घेऊन हलवली असती आणि परत ठेवली असती. पण जी वर्षभर आपुलकीनं विचारते, तिनं दिलेलं कुणी हलवून पाहत नाही. त्या व्यापाऱ्याला हे आमच्याआधी कळलं होतं.

तिचे व्हिडिओ बंद झाले. फोड आलेल्या बाईचं डोकं बरं झालं, नवे केस आले. माझं जे गेलं ते कोणत्या कलमात बसतं, हे साहेबांना विचारायचा धीर मला झाला नाही.