उपाशी बाळाला कोणी पाजलं?

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. मी लांज्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पोराने खिशात हात घालायच्या आधीच मला कळतं. थोडक्यात, स्वभाव संशयी... हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात त्यानेच मला तोंडघशी पाडलं.

गेल्या वर्षी माझा मुलगा आरुष सात महिन्यांचा असताना त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. रत्नागिरीतलं एक खाजगी हॉस्पिटल, सकाळी दहाची वेळ. नवरा मुंबईत नोकरीला, त्याला रजा दोन दिवसांनंतरची मिळाली होती. म्हणून सोबतीला पावसहून सासूबाई आल्या होत्या. मी त्यांना आईच म्हणते.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं — शेवटचं दूध पहाटे साडेपाचला, त्यानंतर पोटात काही जाता कामा नये. भूल दिल्यावर पोटातलं दूध वर येऊन फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेतू शकतं. मला धडकीच भरली होती.

आठपर्यंत सगळं बरं चाललं होतं. सिस्टरने हातमोजा फुगवून त्यावर डोळे काढून दिले, आईंनी प्लास्टिकच्या बाटलीत फणसाच्या आठळ्या घालून खुळखुळा करून आणला होता, तो वाजवून झाला. खिडकीतले कावळे दाखवून झाले. नऊनंतर मात्र आरुषने जो सूर लावला तो काही केल्या थांबेना. माझ्याकडे आला की थेट ओढणीत तोंड खुपसायचा. शेवटी सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर थांबा बघू. तुमच्या दुधाचा वास येतो ना त्याला, म्हणून जास्त रडतोय."

स्वतःच्या रडणाऱ्या बाळापासून लांब जा म्हणतात तेव्हा काय होतं ते मी सांगू शकत नाही. आईंच्या हातात त्याला दिलं आणि काउंटरवर संमतीचा फॉर्म भरत उभी राहिले. त्याचं रडणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. छाती दगडासारखी झालेली, कुर्ता भिजलेला. शेजारी तीच सिस्टर उभी राहून सह्या कुठे करायच्या ते दाखवत होती.

आणि एकदम रडणं थांबलं.

फॉर्म संपवायला मला आणखी चार-पाच मिनिटं लागली असतील. आत गेले तर आरुष पलंगावर हातपाय पसरून पडलेला, डोळे अर्धवट मिटलेले... आणि ओठाच्या कडेला दूध. मी त्याला उचललं तर चांगली ढेकर दिली त्याने. तेवढ्यात डॉक्टर आत आले, आणि त्यांच्या देखत त्याने माझ्या खांद्यावर भडाभडा ओकारी काढली.

डॉक्टरांनी ओकारीकडे नीट पाहिलं. "हे ताजं दूध आहे. फाटलेलंसुद्धा नाही. कोणी पाजलं?"

खोलीत त्याच्याजवळ एकट्या आई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग मान खाली घालून म्हणाल्या, "माजी चूक झाली डॉक्टर. रडत व्हता, बगवला नाय."

"कुठलं दूध? गाईचं की डब्यातलं? त्यावर किती तास थांबायचं ते ठरेल."

"गायचां," त्या पुटपुटल्या.

माझा तोल गेला. दारात जमलेली माणसं, सिस्टर, सगळ्यांसमोर मी त्यांना नको नको ते बोलले. नातवाच्या जिवाशी खेळलात म्हणाले. त्या माझ्या खांद्यावरची ओकारी पुसत राहिल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

राग ओसरल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. दूध दिलं तर कशाने दिलं? मी त्यांची पिशवी उपसली, पलंगाखाली वाकून पाहिलं. वाटी नाही, चमचा नाही, बाटली म्हणावी तर ती आठळ्यांची. गाईचं दूध हॉस्पिटलात आलं कुठून? त्याहून खटकलं ते वेगळंच. आरुषला पाजायला घेतलं, तर छाती हलकी. साडेपाचपासून पाजलं नव्हतं, काउंटरवर ठणका सोसवत नव्हता, आणि आता अंगावर दूध नव्हतंच म्हणा ना. टेन्शनने आटलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या खोलीत दारावर कॅमेरा होता. खाली ऑफिसातल्या माणसाच्या मागेच लागले, म्हटलं, बाळाला काय दिलं ते कळायलाच हवं. त्याने कुरकुर करत रेकॉर्डिंग लावलं.

आई पलंगाच्या मधोमध बसून खुळखुळा वाजवताहेत. आरुष लाथा झाडतोय. मग त्या दाराकडे बघतात, पदर सावरतात आणि पायथ्याशी सरकतात... कोणी बसायला आलं की आपण सरकतो ना, अगदी तसं. मोकळ्या जागेकडे बघून काहीतरी बोलतात. आरुष त्या बाजूला मान वळवतो आणि शांत होतो. त्याचे गाल हलताना दिसतात. आईंचे दोन्ही हात मांडीवर, हातात खुळखुळा. चार मिनिटं असंच. मग दारातून मी येते.

मी ते तीनदा पाहिलं, मागेपुढे करून. घड्याळाचे सेकंद कुठेही तुटत नव्हते.

आईंची माफी मागायची म्हणून वर गेले, पण कशी सुरुवात करायची तेच सुचेना. सकाळी आरुष पुन्हा उपाशी, पुन्हा रडारड. मी बाहेर जायला उठले तशी आईंनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "आज नको पाजूस हां बाय. कालच्यासारखी येव नको आत."

"मी?"

"जाव दे गो. आईच्यान रवत नाय, म्हायती हाय मना. म्हणून तर डाक्टरासमोर तुजां नाव घेतलां नाय. पन आज पोराच्या जिवाचा प्रश्न हाय."

म्हणजे आदल्या दिवशी त्या सरकल्या होत्या त्या माझ्यासाठी. त्यांच्या डोळ्यांदेखत मी आत आले, बसले, बाळाला पाजलं, आणि वर सगळ्यांसमोर आळ त्यांच्यावर घातला! तरी त्यांनी तो मुकाट्याने घेतला होता.

ऑपरेशन नीट झालं. आरुष ठणठणीत आहे. पण 'आई, ती मी नव्हते,' हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुढचा प्रश्न त्या विचारणारच, की मग मी बाळाशेजारी कोणाला बसू दिलं? त्यानंतर या बाईला झोप लागेल का? त्यापेक्षा मी खोटारडी ठरलेली बरी. डॉक्टर म्हणतात कॅमेऱ्यात काहीतरी घोळ असेल. असेलही. सिस्टर आजही शपथेवर सांगते की मी काउंटरवरून हलले नव्हते. मला स्वतःला याचं कसलंही उत्तर सापडलेलं नाही, आणि मी काही थोडी डोकेफोड केलेली नाही.

गेल्या महिन्यात पावसला होतो. मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते आणि घरात आरुष रडता रडता एकदम गप्प झाला. हातातलं टाकून धावले. तो झोपाळ्यावर गाढ झोपलेला. आई कोकम निवडत बसल्या होत्या, मला बघून हसल्या.

"परत कशाला आलीस? आत्ताच तर निजवून गेलीस ना गो?"

मी आरुषला उचलून घट्ट धरलं आणि म्हणाले, "हो आई. चादर घालायची राहिली होती."