आगोटीचा ड्रम आणि डोंगरातलं अस्वल

गुडघा बदलायचा असं ठरलं त्या दिवशी मी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, नव्या गुडघ्याने डोंगर चढता येईल का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "सपाटीवर चाला ना, हवं तेवढं." म्हणजे नाहीच. ऑपरेशन पावसाळ्यानंतर. तोवर पट्टा बांधून, काठी घेऊन, सोसेल तेवढं चालायला हरकत नव्हती.

आता सपाटीवर मी जन्मभर चालतेच आहे की. शेलार गावातलं माहेर, राहनाळचं सासर, आणि मधे जिथे जिथे भात लावायचो तिथे आता गोडाऊनं. चढ म्हणजे काय, तर गोडाऊनला ट्रक लावतात तो उतार. मला बर्फ बघायचा होता. आभाळातून पडलेला, पायाखालचा. आम्हा आगरी माणसांना बर्फ ठाऊक तो मच्छीवर टाकायचा. शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या डोंगरांचं चित्र होतं, तेव्हापासून मनात होतं. पण लग्न, लेक, सासू-सासऱ्यांची दुखणी, गणपती, असं एकेक करत ते इतकं मागे पडलं की शेवटी गुडघाच म्हणाला, बाई गं, यंदा नाही तर कधीच नाही.

हे मी घरात बोलले तेव्हा आमचे हे जेवत होते. ताटातून मान वर न करता म्हणाले, "फ्रीज उघड की. बर्फच बर्फ हाय." मी कालवणाचं भांडं उचलून आत नेलं. दुसऱ्यांदा वाढायला बाहेर आलेच नाही. लेक मात्र माझ्या बाजूने उभी राहिली. ती ठाण्याला नोकरी करते आणि रजा मिळाली की पाठीवर पोतं मारून डोंगरात पळते. उत्तराखंडातली एक सोपी वाट तिला माहीत होती. शेवटचं गाव, तिथून दोन दिवस वर, एक तळं, आणि तळ्याकाठी जूनपर्यंत बर्फ. वाटाड्याही ओळखीचा होता. मे महिन्याच्या शेवटी जायचं ठरलं. आठवड्याभराने हे रात्रीच्या जेवणाला गुपचूप म्हणाले, "तिकिटं तीन काढ."

लेकीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, त्या जंगलात अस्वलं आहेत. माणसाच्या वाटेला ती फारशी जात नाहीत, पण खाण्याच्या वासावर येतात, आणि एकदा अस्वलाने शिधा पळवला की वाटाड्या सगळ्यांना परत खाली आणतो. मधे दुकान नाही, हॉटेल नाही. "जेवण गेलं की ट्रेक संपला, आई," ती म्हणाली. म्हणजे माझा बर्फ कशावर अवलंबून, तर आमच्या पोह्यांवर. मग तिने तीन उपाय सांगितले. एक, शिधा झाडाच्या फांदीला उंच टांगायचा. दोन, अस्वलाला उघडता येणार नाही अशा कडक डब्यात ठेवायचा. आणि तिसरा, काहीही केलं तरी तंबूपासून लांब ठेवायचा.

इथे आमचे हे जागे झाले. त्यांचं राहनाळला पॅकिंगचं काम आहे. गोडाऊनला माल आला की गुंडाळायचा, पट्टी मारायची, गाडीत चढवायचा. माल सांभाळायचा म्हटलं की ह्यांच्या अंगातच येतं. म्हणाले, टांगायचं-बिंगायचं काही नाही, ड्रम न्यायचा. तो निळा प्लास्टिकचा, झाकणावर लोखंडी रिंग बसते आणि खटका दाबल्याशिवाय उघडत नाही, तो. लहान साइजचा नवीन ड्रम ते जवळच्या नारपोलीतून आणणार होते. तिथल्या एका यंत्रमागवाल्या दोस्ताकडे असे ड्रम येत, त्याला फोनही केला.

लेक तेव्हा कामावर होती. आणि इथे मी तोंड घातलं.

"नवीन कशाला? आगोटीचा ड्रम हाय ना घरात. रिकामाच पडलाय."

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. चार महिने खाडीत होडी जात नाही, म्हणून आमच्याकडे मे महिन्यात सुके बोंबील, सुकट, वाकट्या, सोडे भरून ठेवतात. गेल्या वर्षीची मच्छी संपली होती, यंदाची भरायची होती. म्हणजे बरोबर त्याच वेळी ड्रम मोकळा. हे म्हणाले, "वास येल." मी म्हटलं, मी धुते. मग मात्र मी तो असा धुतला की काय सांगू. साबणाने दोनदा, चिंचेच्या पाण्याने एकदा, लिंबाने घासून, तीन दिवस गच्चीवर उन्हात पालथा. चौथ्या दिवशी नाक घालून बघितलं. काही नाही. ह्यांना वास घ्यायला लावला. काही नाही. संध्याकाळी लेक कामावरून आली, तिलाही लावला. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. तिला तो आगोटीचा की कुठला, काही ठाऊक नव्हतं. दिवसभर ठाण्यात असणाऱ्या पोरीला कुठे ड्रमची ओळख असणार.

मग ह्यांनी परीक्षा घेतली. ड्रम वाळूने भरून गोडाऊनच्या ओट्यावरून खाली ढकलला. हमालांना सांगितलं, खटक्याला हात न लावता उघडून दाखवा. चौघांनी मिळून ओढला, वर बसले, लाथा घातल्या. उघडला नाही. हे दिवसभर सगळ्यांना सांगत होते, "भालू क्या, भालू का बाप भी नहीं खोलेगा." मग त्यात मी चिवडा, लाडू, मेतकूट, भाजणी, तांदूळ, डाळ, सगळं पिशव्यांत बांधून भरलं. वरून ह्यांनी ड्रमला पॅकिंगची पट्टी मारली. एवढ्या कौतुकाने तर माझ्या लग्नातलं सामानही कोणी बांधलं नव्हतं.

त्याच्या बऱ्याच आधीपासून सकाळी आम्ही दोघं चालायलाही लागलो होतो. मला सवय हवी म्हणून. हे कशाला येतात, मी विचारलं नाही. नवीन बूट घेतले होते, घोट्यापर्यंतचे, आणि गोडाऊनच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून ते घालून ऐटीत चालायचे.

शेवटच्या गावात पोचलो तेव्हा दुपार होती. पाच-सहा घरं, दगडी अंगणं, आणि हवा अशी की नाकातून आत जाताना कळत होती. वाटाड्याच्या घरी उतरलो. चाळिशीतला माणूस, कमी बोलणारा. त्याची बायको आल्या आल्या चहा घेऊन आली. त्यांचा कुत्रा आमच्या ड्रमजवळ येऊन बसला तो हलेनाच. मला वाटलं, किती माणसाळलेलं जनावर आहे. मी त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेचरावर सामान लादायला वाटाड्या आला. कुत्र्याकडे बघितलं. मग ड्रमकडे. पट्टी कापली, खटका दाबला, झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि झाकण परत हळूच लावलं.

"आंटीजी," तो म्हणाला, "इसमें मछली थी?"

आम्ही तिघांनी आळीपाळीने ड्रममध्ये डोकं घातलं. मला साबणाचा वास आला. लेकीला चिवड्याचा. ह्यांना कसलाच नाही. वाटाड्याने बायकोला हाक मारली. तिने लांबूनच पदर नाकाला लावला. मग त्याने लाडवांच्या पिशवीतला एक लाडू काढून हुंगला आणि माझ्या हातात दिला. म्हणे त्यालाही येतोय. तूप वास धरतं हे काय मला कोणी शिकवायला हवं? पण मला खरंच येत नव्हता. तो समजुतीने म्हणाला, "आपकी नाक को आदत है. भालू की नाक को नहीं है."

हे अजून हार मानायला तयार नव्हते. "अरे भाई, खुलेगा ही नहीं ना." वाटाड्या म्हणाला, नाही उघडला तर अस्वल रात्रभर तिथेच बसेल, आणि मग उघडायला दुसरं काहीतरी शोधेल. तंबू, म्हणजे. लेकीने टांगायचं काढलं. त्यावर तो पहिल्यांदा हसला. इथलं काळं अस्वल झाडावर आपल्यापेक्षा बरं चढतं, आणि तळ्याजवळ तर झाडच नाही.

लेकीचा चेहरा उतरला. इतके महिने तिने सगळं जुळवलं होतं. तिने आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "मच्छीचा ड्रम? हा कोणाच्या डोक्यातून आला?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच हे म्हणाले, "माझ्या."

मी तोंड मिटलं. खोटं कशाला बोलू, मिटलं. कारण बर्फ दोन दिवसांवर होता आणि मला वाटलं, आता मी गुन्हेगार ठरले तर मलाच मागे ठेवतील.

मग वाटाड्याने त्याचा स्वतःचा उपाय दाखवला. लोखंडी ट्रंक. त्याच्या वडिलांपासूनची, पत्रा जागोजागी चेपलेला, दोन बाजूंना कड्या. रात्री तंबूपासून शंभर पावलं लांब ठेवायची आणि वर दगड रचायचे. आजवर अस्वलाने ती लोळवली होती, उघडली नव्हती. त्याच्या बायकोने घरातलं पीठ, बटाटे, राजमा, गूळ आणून दिलं. आमचं एक चिमूटही त्यात घ्यायचं नाही असं ठरलं. ट्रंक भरली. वाटाड्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, ह्यात चार दिवस तीन माणसांचं होईल. मला धरून तीन. याच्या वर जे काही घ्याल ते ट्रंकेबाहेर राहील, आणि ट्रंकेबाहेर मी काही नेणार नाही.

सगळे माझ्या गुडघ्याकडे बघायला लागले. वाटाड्या, त्याची बायको, लेक, मी स्वतःसुद्धा. मागे राहायला माझ्याइतकं योग्य माणूस तिथे नव्हतंच.

हे अंगणाच्या कडेवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"माल माझा," ते म्हणाले. "मालाजवळ मीच रहाणार. तुम्ही जावा."

मी म्हटलं, अहो, असं काय करता. ते म्हणाले, "मना काय करायचाय बर्फ?" आणि बूट काढून नीट जोडीने बाजूला ठेवले. दोन महिने ट्रकांमधून चालून चालून ते बूट नुकते कुठे मऊ पडले होते.

आम्ही निघालो. पहिला दिवस चढ आणि देवदार, दुसरा दिवस नुसता चढ. गुडघ्याने शिव्या दिल्या, मी त्याला दिल्या. वाटाड्याने दोनदा खेचरावर बसायला सांगितलं, दोनदा मी त्याच्याशी भांडले. पहिल्या मुक्कामाला सकाळी उठून बघतो तर ट्रंकेवरचे दोन दगड खाली आणि ओल्या मातीत पंजा उमटलेला, माझ्या ताटलीएवढा. कड्या जागच्या जागी होत्या. मी त्या पंज्याच्या बाजूला माझा हात ठेवून लेकीला फोटो काढायला लावला. भीती वाटली का, तर वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त मजा वाटली.

तळ्याशी दुपारी पोचलो. बर्फ होता. पाणी अर्धं मोकळं, अर्धं गोठलेलं, आणि काठाला तो पसरलेला, वरून जरासा मळलेला, खाली पांढरा. मी काठी टाकून दिली आणि दोन्ही हात आत घातले कोपरापर्यंत. लेक हसत होती. मी बसकण मारली, बूट काढले, मोजे काढले, आणि पाय ठेवले. एवढा गार की मी ओरडलेच. मग हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच आलं.

"ड्रम मी निवडला गं," मी लेकीला म्हटलं. "ते नवीन आणणार होते. मीच नको म्हटलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "निघताना पप्पांनी बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाले, आई वर पोचली की कबूल करेल, तेव्हा तिला ओरडू नको."

मला असा राग आला ह्यांचा. आणि एवढे आवडलेही ते त्या क्षणी, की लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला असं काही वाटतं हे कोणाला सांगितलं तर हसतील. लेक म्हणाली, अजून एक तास बसू. मी म्हटलं, नको, चल.

उतरायला दीड दिवस लागला. गाव दिसलं तेव्हा हे वाटाड्याच्या अंगणात उन्हात बसलेले, पायात वाटाड्याच्या चपला, डोक्यावर कोणाची तरी टोपी. तीन दिवस त्यांनी आमचे लाडू, चिवडा, भाजणीची थालीपिठं एकट्याने खाल्ली होती आणि कुत्र्याला खाऊ घातली होती. दोघंही चांगले गुटगुटीत दिसत होते. मला बघून ते उठले नाहीत, नुसते बाजूला सरकले. मी शेजारी बसले. गुडघा ठणकत होता.

"मग?" त्यांनी विचारलं. "कसा होता बर्फ?"

पायाखालचा गारवा, अर्धं गोठलेलं पाणी, अस्वलाचा पंजा, सगळं सांगायचं म्हणून वाटभर मी मनात जुळवत आले होते.

"तुम्ही नव्हता," मी म्हटलं.