विहिरीतला जवळा

मी आयुष्यात एकच सिनेमा केला. जेमतेम दीड मिनिटाचा. लोक तो पाहून हसले आणि माझं डोकं फिरलं. त्या रागात मी जे बोललो ते अजून मनात सलतं.

१९३० नंतरची ती वर्षं. मी रत्नागिरीत ड्रॉइंग मास्तर होतो. वैशाखात बंदराकडच्या कोळीवाड्यात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. वाड्याला गोड्या पाण्याची विहीर एकच. सरकारी डॉक्टर रोज जाऊन सांगत, पाण्यात जंतू आहेत, लाल औषध टाकू द्या. वाड्याने देवीला कौल लावला. कौल डावा आला आणि औषधाची बाटली परत गेली. जंतू आहेत तर दिसत का नाहीत, हा त्यांचा सवाल. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक नेऊन ठेवला, तर त्या नळीला डोळा लावायला कुणी पुढे येईना.

आमच्या घरी मासे देणारी बाई त्याच वाड्यातली. तिचा शब्द तिथल्या बायकांत चाले. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना लागलेला. टोपली उतरवताना ती एकदा म्हणाली, "मास्तर, पोर त्याच इहिरीचा पानी पिता. माजा जीव थाऱ्यावर न्हाय. पन डोल्यांनी दिसल्याबिगर मी चार बायकांना काय सांगू?"

त्या दिवसांत गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला होता. तिथल्या मशीनवाल्याकडून मी फाटक्या फिल्मचे तुकडे आणले, सोड्याच्या पाण्यात घासून कोरे केले आणि नखाएवढ्या एकेका चौकटीत शाईने चित्रं काढायला बसलो. विहीर, विहिरीत जंतू, एकाचे दोन, दोनाचे चार, मग लाल थेंब आणि सगळं शांत. हजाराच्या वर चौकटी झाल्या. डॉक्टरांनी काचेखाली जंतू दाखवला होता, बारीक, वाकडा. मी तो तस्साच काढला. एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही, याचा मला कोण अभिमान!

खेळ दुपारी, मिठाच्या वखारीत. दारावर शीड टाकून अंधार केला, भिंतीवरही शीडच ताणलं. मशीनवाल्याने आधीच बजावलं होतं, "मध्येच थांबवा म्हणू नका. फिल्म थांबली की दिव्याच्या आचेने पेटते." वखारीत दोनशे माणसं आणि दार एकच.

विहीर दिसली. वाकडे जंतू वळवळले, वाढले, विहीर भरली. आता बायका घाबरतील म्हणून मी वाट पाहत होतो, तोच मागून एक म्हातारा ओरडला, "जवला! अरे, जवला आयला!"

वखारभर हशा पिकला. जवळा म्हणजे ती बारीक वाकडी कोळंबी, सुकवून वर्षभर खायची. ह्या माणसांना जवळ्याने भरलेलं पाणी दिसलं की आनंदच होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ओरडून सांगत होतो, अहो, हे जंतू आहेत, पण ऐकतो कोण! लाल थेंब पडून जंतू निपचित झाले तेव्हा तर लोक हळहळले. थांबवताही येईना. ते दीड मिनिट सरता सरेना.

बाहेर ती बाई माझ्याजवळ आली. ती हसली नव्हती. "मास्तर, जवल्याला कोन भितो? केंड काडा. जालात केंड गावला तर आमी हात लावत न्हाय." केंड म्हणजे तो फुगणारा विषारी मासा.

"जंतू तसा नसतो," मी म्हणालो.

"नसू दे. उद्याच काडा. पोरीसाटी तरी काडा."

"मी खोटं चित्र काढणार नाही. तुम्हाला समजत नसेल तर त्याला मी काय करू?" मी तडकून बोललो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वाड्यात गेलो. लेकीला उलट्या-जुलाब सुरू होते, डॉक्टर उशाशी बसून सलाइन देत होते. ती बाई दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "मास्तर, काय काढायचं ते काढा. लवकर काढा."

मी घरी येऊन त्याच फिल्मवर बसलो. प्रत्येक जंतूला फुगीर पोट, अंगावर काटे. चारशे-साडेचारशे चौकटी. मान मोडून आली की फिल्म बाजूला ठेवायची, परत घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी वखारीत तोच खेळ झाला. विहीर केंडांनी भरली आणि कुणी हसलं नाही. एक बाई पोराला घेऊन उठली आणि घरातली भरलेली कळशी बाहेर ओतून आली. वाड्याने पुन्हा कौल लावला, तो उजवा आला. दिवस मावळायच्या आत विहीर लाल झाली.

लेक वाचली. पोटातलं मूल गेलं.

महिन्याभराने ती बाई पुन्हा आमच्या दारात आली. टोपली उतरवली, नेहमीसारखे वाटे मांडले. मग मान खाली घालूनच विचारलं, "मास्तर, मी सांगितला त्याच दिवशी का न्हाय काडलात?"

जंतूचा आकार तसा नव्हता, एवढंच उत्तर माझ्यापाशी होतं.