बाळंतिणीची भीती

स्पिरिटचा वास आला की धडगावच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. काविळीच्या विषाणूवरच्या संशोधनासाठी मी तिथे होतो. एका बाळंतिणीच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला होता. त्याच आजाराने तिचा नवरा गेला होता. बाळाला जन्मताच लस टोचली, तरी ती त्याला जवळ घेईना. ते रडून रडून दमलं. नर्सबाईंनी तिला तिच्या पावरी बोलीत विचारलं आणि मला सांगितलं, "म्हणते, माझं रक्त वाईट, मग दूधही वाईटच असणार." मी म्हणालो, "लस दिलीय. तिला पाजू द्या, दुधाने काही होणार नाही." नर्सबाईंनी समजावलं. तेव्हा तिने बाळाला छातीशी धरलं. वर्षभराने त्याचं रक्त निर्दोष निघालं. ते सांगायला मी जीपने तिच्या पाड्यावर गेलो. काविळीच्या आणि एचआयव्हीच्या कामात आयुष्य गेलं. असा निकाल घेऊन कुणाच्या दारात जायला फार कमी वेळा मिळालं.