तव्यावर वाळवलेली जाळी

मला चिडायला कारण लागत नाही, पण त्या दुपारी ते होतं. दुसऱ्या दिवशी परिषदेत पारमिताचं भाषण होतं आणि तिची जाळी ऐनवेळी दगा देत होती.

पारमिता कांबळे म्हणजे निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेल्या तानीबाईंची लेक. बेळगावच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर ती पीएच.डी. करते. पाण्यात वीज सोडली की एकीकडे हायड्रोजन निघतो, दुसरीकडे ऑक्सिजन. ऑक्सिजनची बाजू महाहट्टी, वीज नुसती खाते. निकेलच्या जाळीवर निकेल-कोबाल्टचा लेप दिला की कमी विजेत काम भागतं, हा पारमिताचा दावा. मार्चमधल्या जाळीनं तो झकास खरा करून दाखवला. त्यानंतरची एकही जाळी तशी वागेना.

"हात तोच, लेप तोच, मग घोडं पेंड खातंय कुठं?" मी ओरडलो.

तिनं हातातली जाळी टेबलावर ठेवली. "सूरज, मार्चची ती जाळी मी हितं वाळवलीच न्हाय. ओव्हन बिघडला हुता. घरी न्हेऊन भाकरीच्या तव्यावर वाळवली."

तवा लोखंडाचा, आणि निकेलमध्ये चिमूटभर लोखंड गेलं की ऑक्सिजन भराभर सुटतो, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

खालच्या खानावळीतून तवा आणला. नुसत्या निकेलचा लेप दिलेली जाळी तिनं त्यावर वाळवली. त्यात कोबाल्ट थेंबभरही नव्हतं. वीज सोडली. बुडबुडे उसळले आणि विजेचा आकडा आला मार्चचाच. कोबाल्टचं कर्तृत्व शून्य होतं.

आमचे मार्गदर्शक नागेंद्र सर आकडा बघायला आले. मग म्हणाले, "मार्चचे आकडे खोटे नाहीत ना? तेवढेच दाखव. तव्याचं कशाला काढतेस?"

मला ते पटलंसुद्धा.

"सर, दुसऱ्या कुणी करून बघितलं तर येईल का हा आकडा?" पारमितानं विचारलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तानीबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पारे, बसनं संकेश्वर सोडलं बघ. वखारीतल्या चौघीजणी संगट हाईत. आज बेळगावात आक्काकडं ऱ्हातो, उद्या तुजं भाषण ऐकतो."

मी हातानं खुणावत होतो, काहीतरी निमित्त सांग, परत पाठव त्यांना. पारमितानं डोळे पुसले.

"ये आई. पर माजं तीन वर्सांचं काम चुकलंय. कसं चुकलं, तेच उद्या समद्यांम्होरं सांगणार हाय."

"मग आमी म्होरंच बसतो," तानीबाई म्हणाल्या.