सुमनताईंची ड्युटी

माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. भूत-प्रेत, आत्मा, करणी यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते नातीनं फोनवर उघडून दिले म्हणून, आणि वाचता वाचता बऱ्याचदा हसतोही. तरीही आज लिहायला बसलोय. ज्या मुलीनं मला हे लिहायला सांगितलं, तिचा हक्क माझ्या संकोचापेक्षा मोठा आहे. ती कोण, ते पुढे येईल.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. दिल्लीत एअरपोर्टकडून गुडगावला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला एक नवं पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं होतं. नाव सांगत नाही. मी तिथे हाउसकीपिंगचा असिस्टंट मॅनेजर होतो. परदेशी कंपन्या देशात येत होत्या, त्यांचे साहेबलोक आमच्याकडे उतरत होते. आमच्या हॉटेललाही परदेशी मॅनेजमेंट मिळालं होतं आणि त्याबरोबर एक जाडजूड पुस्तक... टॉवेलची घडी कशी, ग्लास कुठे, पडद्याची चुणी किती, सगळं त्यात. मी ते पुस्तक पाठ केलं होतं.

सुमन मेश्राम या आमच्या सहाव्या मजल्याच्या रूम अटेंडंट. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, राहायला गाझियाबादला. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून होते. करोल बागेत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली आणि मीच सुमनताईंना हॉटेलात लावून दिलं. मेश्राम माझ्याबद्दल चार लोकांत सांगायचे, "जोशी साहेबांचा शब्द म्हणजे शब्द." हे वाक्य लक्षात राहू द्या.

सुमनताईंचं काम चोख होतं. फक्त एका बाबतीत त्या माझं ऐकत नसत. पलंगावरची चादर पायाकडून गादीखाली घट्ट खोचायची, असा नियम. खोलीत कोणी म्हातारं माणूस उतरलं असेल, तर सुमनताई पायाकडची एक बाजू सैल सोडायच्या.

"सुमनबाई, पुस्तकात काय लिहिलंय?"

"सर, पुस्तक लिहिणाऱ्याचे गुडघे चांगले असतील," त्या म्हणायच्या. "म्हाताऱ्या माणसाला एवढी घट्ट चादर पायानं निघत नाही. लिफाफ्यात घातल्यासारखं पडून राहतात बिचारे."

मी रागवायचो. त्या "बरं सर" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच करायच्या.

एका जानेवारीत कॅनडाहून एक वयस्क सरदारजी आले आणि ६१४ मध्ये उतरले. त्या दिवशी सकाळी परदेशी साहेबांची तपासणी होती. मी त्यांच्या आधी खोल्या बघत फिरत होतो. सरदारजी नाश्त्याला खाली गेले होते. त्यांच्या टेबलावर उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि त्यातून लाल माती कार्पेटवर सांडली होती. मी कागद उघडला. आत विटांचे दोन तुकडे.

"हे काय? हा मलबा इथे कसा? काढा आधी."

सुमनताई म्हणाल्या, "सर, पाहुण्यांचं असेल. जपून गुंडाळलंय."

"विटा कोण जपतं? पाच मिनिटांत साहेब येतील. काढा म्हटलं ना!"

त्यांनी काढल्या.

तासाभरानं सरदारजी लॉबीत उभे राहून रडत होते. करोल बागेतलं त्यांच्या वडिलांचं घर पाडून तिथे बिल्डरचे मजले चढत होते. ते घर शेवटचं बघायला ते एवढ्या लांबून आले होते, आणि उंबऱ्याजवळच्या भिंतीतल्या विटांचे दोन तुकडे उचलून आणले होते. आम्ही धावलो, पण कचऱ्याची गाडी गेली होती.

दुपारी जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये मी उभा होतो. सुमनताई दाराशी.

"जोशीजी, किसने फेंका?"

"सर, रूम अटेंडंट ने."

"आपसे पूछा था?"

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नवे साहेब पन्नाशीच्या आसपासची माणसं कमी करत होते. ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. मी म्हणालो, "नहीं सर."

"सर..." एवढाच आवाज माझ्या मागून आला. पुढे काही नाही. जोशी सर आत्ता असं बोलतायत, मागाहून सांभाळून घेतील, असं सुमनताईंना वाटलं असावं.

त्याच दिवशी त्यांना काढलं. ते पत्र मी लिहिलं आणि सही माझी. "पाहुण्यांची मालमत्ता परवानगीशिवाय खोलीबाहेर नेल्याबद्दल"... इंग्रजीत अशी ओळ होती. वीट हा शब्द पत्रात कुठेही नव्हता.

पंधरा दिवसांनी सुमनताई स्टाफच्या गेटवर मला भेटायला आल्या. दुपारची वेळ होती. उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या.

"सर, नोकरी परत मागायला नाही आले."

"मग?"

"घरी विश्वास बसत नाही. मी सांगते विटा होत्या, तर हे म्हणतात, एवढ्या मोठ्या हॉटेलात पाहुणे विटा घेऊन येतात काय? खरं सांग, काय उचललंस? कॉलनीतल्या बायकासुद्धा आता घरात बोलवत नाहीत. एका कागदावर लिहून द्या ना सर. विटा होत्या, चोरी नव्हती. तुम्ही काढायला सांगितलं ते नका लिहू. नुसतं चोरी नव्हती, एवढंच. तुमच्या हातचं असलं की यांना पुरेल."

"देतो. पुढच्या आठवड्यात या."

त्या पुढच्या आठवड्यात आल्या, त्याच्या पुढच्याही. पहिल्या वेळी मी मीटिंगमध्ये आहे असा निरोप पाठवला. दुसऱ्या वेळी खरंच मीटिंगमध्ये होतो. मग त्या यायच्या बंद झाल्या. कागदावर माझी सही म्हणजे माझ्याच पत्राला मीच खोटं ठरवणं... मी केबिनमध्ये खोटं बोललो हे त्यातून बाहेर आलं असतं.

आता तो भाग, ज्यासाठी हे सदर आहे.

एप्रिल संपता संपता सुपरवायझरनं तक्रार केली. "सर, छठे फ्लोअर पर चादर फिर से ढीली मिल रही है." सुमनताईंच्या जागी नेगी नावाचे गढवालचे गृहस्थ होते, चाळिशीचे, शिस्तीचे. ते शपथेवर सांगत होते, "सर, मैं तो कसके लगाता हूँ." मी त्यांना लेखी ताकीद दिली आणि विसरलो.

मे महिन्यात सोलापूरच्या एक आजी ६१४ मध्ये तीन दिवस राहिल्या. त्यांचा मुलगा कंपनीच्या कॉन्फरन्सला आला होता. तो दिवसभर खाली हॉलमध्ये असायचा आणि आजी खोलीत एकट्या. निघायच्या दिवशी सकाळी त्यांचं अभिप्रायाचं कार्ड माझ्याकडे आलं, कारण ते मराठीत होतं आणि फ्रंट ऑफिसात ते कोणाला वाचता येईना. त्यात लिहिलं होतं : "सुमनबाईंनी लेकीसारखे पाहिले. माझे पाय अडकतात म्हणून चादर सैल करून दिली. हॉटेलवाल्यांनी त्यांना त्रास देऊ नये."

मी लॉबीत धावलो. आजी सोफ्यावर गाडीची वाट बघत बसल्या होत्या.

"आजी, नमस्कार. या सुमनबाई... तुम्हाला नाव कुणी सांगितलं?"

"त्यांनीच की! तुमच्याकडं काम करतात आन् तुम्हाला ठाऊक नाही व्हय?"

"दिसायला कशा होत्या?"

"सावळ्या, बारीक. हनुवटीवर गोंदण. रोज अकराच्या सुमाराला यायच्या. माझा चष्मा सारखा हरवतोय, तो हुडकून द्यायच्या." आजींनी आवाज खाली आणला. "पण साहेब, अंग लई तापलेलं होतं हो त्यांचं. हात लागला तर चटका बसला मला. म्हटलं, बाई, रजा टाक की गं. तर म्हणाल्या, 'आजी, ड्युटी सुटत नाही.' एवढं राबवून घेऊ नये माणसाला."

सुमनताईंच्या हनुवटीवर गोंदण होतं.

मी मजल्याचं रजिस्टर पाहिलं. तिन्ही दिवस ६१४ ची चावी नेगींच्या सहीनं गेली होती आणि परत आली होती. नेगींना मराठीचा एक शब्द येत नव्हता. स्टाफ गेटच्या वहीत सुमनताईंचं नाव नव्हतं, आणि असणार तरी कसं? कार्डाशिवाय आत मुंगी येत नसे.

कुणीतरी माझी परीक्षा बघतंय, असंच मला वाटलं. कार्ड खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी गाझियाबादला गेलो.

दार मेश्रामांनी उघडलं. मला पाहून ते गोंधळले. "साहेब, तुम्ही? या, या. प्रज्ञा, साहेबांना पाणी दे." नऊ-दहा वर्षांची मुलगी पाणी घेऊन आली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खाट. खाटेवर सुमनताई.

होय, त्या जिवंत होत्या. महिनाभर खाटेवरून उठल्या नव्हत्या. ताप कसला ते डॉक्टरांना कळत नव्हतं. उचलून बसवावं लागत होतं. हे सगळं मेश्रामांनी सांगितलं.

सुमनताईंनी डोळे उघडले. मला ओळखलं. आणि पहिलं वाक्य म्हणाल्या,

"सर, सोलापूरच्या आजी नीट गेल्या का? चष्मा घेतला ना त्यांनी?"

मी मेश्रामांकडे पाहिलं.

मेश्राम ओशाळले. "तापात बडबडते, साहेब. रोज हॉटेलातच असते. आज अमुक खोली, उद्या तमुक. मनावर घेऊ नका."

"बडबड नाही हो," सुमनताई हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "सर, आता आलाच आहात, तर यांना सांगा ना. विटाच होत्या ना?"

मेश्राम मान खाली घालून उभे होते, पण ते ऐकत होते. मला दिसत होतं ते. चार महिने ज्या उत्तरासाठी ते घर थांबलं होतं, ते माझ्या तोंडात होतं. माझा शब्द म्हणजे शब्द... त्यांनी लगेच मानलं असतं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "आता कशाला तो विषय, सुमनबाई? तुम्ही आराम करा. बऱ्या व्हा आधी."

मेश्रामांनी मान वर केली नाही. ते काय समजले, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरीही मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

"बरं सर," सुमनताई म्हणाल्या. चादरीवरून मी रागावलो की म्हणायच्या, अगदी तसंच. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी त्या गेल्या. सहाव्या मजल्यावर पुन्हा सैल चादर सापडली नाही. आजींचं ते कार्ड मी ऑफिसात फाडून टाकलं. त्यामुळे या सगळ्याचा पुरावा आज माझ्याकडे काहीही नाही.

रिटायर झालो. मुलीचं लग्न केव्हाच झालं होतं, ती सुखात आहे. पत्नी गेली. गेल्या हिवाळ्यात एका कार्यक्रमात कोणीतरी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून प्रज्ञा मेश्राम असं नाव पुकारलं, आणि मी घरी येऊन तीस वर्षांपूर्वी मागितलेला कागद लिहिला. माझा हुकूम वगळायची सवलत सुमनताईंनी दिली होती ती घेतली नाही, सगळं लिहिलं. मग प्रज्ञाचा पत्ता काढून, मेट्रोनं गाझियाबादच्या वैशाली भागात जाऊन तो तिच्या हातात दिला. आजी, गोंदण, चष्मा, तेही सांगितलं.

तिनं कागद दोनदा वाचला.

"काका, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली."

"मला माहीत नव्हतं, बेटा."

"आईच्या स्मृतिदिनाला ते दरवर्षी तिच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचे आणि म्हणायचे, 'सुमन, मी तुला माफ केलं.' आम्हाला वाटायचं, किती मोठं मन आहे बाबांचं." तिनं कागदाची घडी घातली. "आणि मीसुद्धा, काका... तिला माफ केलं होतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं.

"मला नका सांगू. जिथे आपली माणसं वाचतात, तिथे लिहा. तिच्या नावानिशी."

म्हणून हे. ताप आलेलं, गाझियाबादच्या खाटेवर पडलेलं माणूस तीन दिवस सकाळी अकरा वाजता पहाऱ्यातल्या हॉटेलात कसं जात होतं, हे मला समजलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, एका प्राध्यापक मित्राला विचारलं, कुणाकडे उत्तर नाही. योगायोग म्हणावं तर चष्मा आड येतो. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा, पण मला आता त्याची घाई नाही.

मला जे उत्तर येत होतं, ते एवढंच होतं. होय मेश्राम, विटाच होत्या. दोन तुकडे. आणि काढा, असं मी म्हणालो होतो.